आधी दार ठरवावे: समुपदेशन, कोचिंग आणि योग यांची सांगड कशी घालावी

सासूबाईंचे तीन वर्षांचे आजारपण संपल्यानंतर चार महिन्यांनी, एका रविवारी मी आयुष्य बदलून टाकण्याचे आश्वासन देणाऱ्या दिवसभराच्या कार्यशाळेला जाऊन बसले. सहा हजार रुपये आधीच भरलेले होते. व्यासपीठावरच्या प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या हाती एक कार्ड दिले आणि पुढच्या पाच वर्षांतली आपली तीन स्वप्ने त्यावर लिहायला सांगितली. आजूबाजूचे लोक भराभर लिहीत होते. माझे कार्ड कोरे राहिले, कारण पाच वर्षे दूरच, त्या रात्री झोप लागेल की नाही एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता. प्रशिक्षकांनी ते कोरे कार्ड सर्वांना दाखवून इच्छाशक्तीच्या अभावाचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला आणि मीही ते खरे मानून घरी परतले.

त्या दिवशी तिथे सांगितलेले सगळेच चुकीचे होते, असे मला आज वाटत नाही. नोकरी बदलावी की बदलू नये या विचारात अडकलेल्या एखाद्या तरुणाला त्या कार्डाचा उपयोग झालाही असेल. माझे दुखणे मात्र वेगळ्या जागी होते, आणि आग रामेश्वरी व बंब सोमेश्वरी अशी माझी अवस्था झाली होती. पुढच्या सहा वर्षांत मी आधी समुपदेशन घेतले, नंतर योगवर्गात नाव घातले आणि अगदी शेवटी एका कोचची, म्हणजे पुढचे निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या व्यक्तीचीही मदत घेतली. तिन्हींचा मला मनापासून उपयोग झाला, पण तो योग्य क्रमाने गेल्यामुळे झाला. म्हणून हा लेख त्या क्रमाविषयी आहे: आपल्याला नेमके काय हवे आहे हे कसे ओळखावे, कोणाकडे जावे, जाताना काय विचारावे आणि कुठे थांबावे.

आधी आठवडाभर वहीत लिहावे

कोणाचाही दूरध्वनी क्रमांक शोधण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि सात दिवस रोज रात्री चार ओळी लिहाव्यात. काल किती तास झोप लागली, जेवणावर मन होते का, दिवसातला सर्वांत जड गेलेला प्रसंग कोणता आणि त्या वेळी मनात नेमके कोणते वाक्य आले, एवढेच लिहायचे आहे. भाषेची काळजी करू नये आणि आधीची पाने परत वाचत बसू नये. सातव्या दिवशी सगळे एकत्र वाचले की, बहुतेक वेळा आपल्या तक्रारीचा कल दिसू लागतो. काही जणांच्या वहीत मागचे सुटत नसल्याची खूण असते. एखादा मृत्यू, घटस्फोट, अपमान किंवा लहानपणीची गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. काही जणांना आताचे झेपत नसते. घर, कार्यालय, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची औषधे या सगळ्यांत अंग आखडलेले, डोके भरलेले आणि श्वास वरच्या वर चाललेला असतो. आणि काहींचे मन तसे स्वस्थ असते, फक्त पुढचे ठरत नसते. मागचे सुटत नसेल तर समुपदेशक, आताचे अंगावर येत असेल तर समुपदेशनाच्या जोडीला योग, आणि पुढचे ठरत नसेल तर कोच, असा ढोबळ आडाखा मी आज कोणालाही सांगते. तो काटेकोर नियम नव्हे, पण सुरुवात कुठून करावी हे त्यावरून कळते.

मात्र या तिन्ही दारांच्या आधी एक दार आहे आणि ते डॉक्टरांचे आहे. सलग दोन आठवडे मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक दोन्ही बिघडली असतील, किंवा कामावर जाणेच अशक्य होत असेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा त्रास, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही थकवा आणि उदासी येते, आणि साध्या रक्ततपासणीत ते कळू शकते. तपासण्या ठीक असूनही त्रास कायम असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, किंवा घरातल्या कोणी तसे बोलून दाखवले, तर हा लेख बाजूला ठेवावा, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

समुपदेशक निवडताना

आपल्याकडे मनाच्या क्षेत्रातल्या पाट्या वाचताना गोंधळ होतो, तो आधी दूर करावा. मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. ते चाचण्या आणि मानसोपचार करतात आणि त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते. समुपदेशक ही पाटी मात्र मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे देखरेखीखाली काम केलेल्या माणसाच्या दारावरही असते आणि तीन आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केलेल्याच्या दारावरही असते. म्हणून शिक्षण कोठे झाले, किती वर्षे काम करता, आणि अडचणीच्या वेळी तुम्ही स्वतः कोणा ज्येष्ठांचा सल्ला घेता का, हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावेत. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावला जात नाही. जो दुखावला जाईल, त्याच्याकडे जाऊ नये.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात चौकशी करावी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या संस्थांनी मराठी माणसाला त्याच्या भाषेत मनाविषयी बोलायला शिकवले आहे. भाषेचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपला राग, आपली लाज, 'जीव टांगणीला लागणे' किंवा 'मनात पाल चुकचुकणे' या गोष्टी ज्या भाषेत आपल्याला जाणवतात, त्याच भाषेत त्या सांगता आल्या पाहिजेत. इंग्रजीत सांगताना मी नेहमी असते त्यापेक्षा शहाणी वाटू लागते, आणि समुपदेशनाच्या खोलीत शहाणे दिसण्याचा काहीही फायदा नसतो. परदेशात राहणाऱ्यांनी मराठी बोलणारा समुपदेशक व्हिडिओ कॉलवर मिळतो का, हे याच कारणासाठी जरूर पाहावे.

पहिली भेट साधारणपणे ४५ मिनिटे ते एक तासाची असते. सुरुवातीलाच गोपनीयतेविषयी सांगितले जाते आणि सांगितले नाही तर आपण विचारावे. खोलीत बोललेले बाहेर जात नाही, परंतु स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास, बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती समोर आल्यास किंवा न्यायालयाने आदेश दिल्यास ती मर्यादा बदलते. हे अपवाद आधी स्पष्ट झाले म्हणजे उरलेल्या सगळ्याबद्दल निर्धास्तपणे बोलता येते. पहिल्या भेटीत सल्ला मिळाला नाही म्हणून अनेक जण निराश होतात. माझे तर उलट मत आहे: अर्ध्या तासाच्या ओळखीवर जो तुमच्या संसाराविषयी निर्णय सुनावतो, त्याने तुमचे पुरते ऐकलेले नसते.

माझ्या समुपदेशक ताईंच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, एक पाण्याचा तांब्या आणि खिडकीत तुळशीची कुंडी एवढेच होते. तिसऱ्या भेटीत त्यांनी एका कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात प्रसंग, दुसऱ्यात त्या वेळचा विचार आणि तिसऱ्यात त्याचा परिणाम लिहायचा होता. ही रीत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मांडलेल्या उपचारपद्धतीतली आहे. एलिस यांच्याशी दीर्घ काळ पत्रव्यवहार केलेले मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली, आणि मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मी पहिल्या रकान्यात लिहिले: 'शेवटच्या रात्री पावणेतीनला माझा डोळा लागला आणि सव्वाचारला जाग आली तेव्हा त्या गेलेल्या होत्या.' दुसऱ्यात लिहिले: 'मी जागी असते तर त्या वाचल्या असत्या. मी झोपायलाच नको होते.' तिसऱ्यात झोप उडणे, देवघराकडे पाहता न येणे आणि नवऱ्याशी तुटक बोलणे असे लिहून झाले.

ताईंनी मला धीर दिला नाही. मी बँकेत काम करते हे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले, 'तीन वर्षांत त्यांच्यासाठी किती रात्री जागलात, हे अंदाजे सांगाल का?' मी हिशेब केला. चारशेच्या आसपास भरल्या. त्या म्हणाल्या, 'या खात्यात चारशे रात्री जमा आहेत आणि दीड तास नावे आहे. तुम्ही शिल्लक शून्य कशी काढलीत, ते मला समजावून सांगा.' मला ते समजावून सांगता आले नाही. त्या दिवशी माझे दुःख गेले नाही, जायचेही नव्हते, पण दुःख आणि अपराधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला प्रथमच दिसले. दुःख सासूबाईंविषयी होते. अपराधीपणा मात्र 'मी कधीही कमी पडता कामा नये' या माझ्याच हट्टातून आला होता, आणि त्या हट्टावर काम करता येण्याजोगे होते.

हा तीन रकान्यांचा कागद घरी कोणालाही करून पाहता येतो. फक्त दुसऱ्या रकान्यात भावना लिहू नये, वाक्य लिहावे. 'वाईट वाटले' हा विचार नव्हे, तो परिणाम आहे. 'सगळे मला गृहीत धरतात' हा विचार आहे. वाक्य सापडले की त्यात 'च', 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' हे शब्द कुठे आहेत ते अधोरेखित करावे, आणि त्या शब्दाला पुरावा काय, हे शेजारी प्रामाणिकपणे लिहावे. आठवड्यातून दोन कागद पुरेत. जे प्रसंग अत्याचाराशी किंवा जीवघेण्या अपघाताशी जोडलेले आहेत, ते मात्र एकट्याने उकरू नयेत. ते तज्ज्ञांच्या सोबतीनेच उघडावेत.

योगवर्गात पाऊल ठेवताना

समुपदेशनाला चार महिने झाल्यावर विचार बरेच सरळ झाले होते, पण खांदे कानांना टेकलेले आणि जबडा आवळलेला तसाच होता. तीन वर्षे रात्रीच्या हाकेसाठी सावध राहिलेल्या शरीराला, आता कोणी हाक मारणार नाही, हे कोणी सांगितलेच नव्हते. त्यासाठी योगाचा रस्ता मला मिळाला.

या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली योग संस्था आज सांताक्रूझला आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला, आणि बी. के. एस. अय्यंगार यांची पुण्यातली संस्था १९७५ पासून उभी आहे. अय्यंगार पद्धतीत लोड, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या अशा साधनांचा आधार घेतला जातो आणि त्यामुळे आखडलेल्या, आजारी किंवा वयस्कर माणसालाही आसनात विसावता येते. मन थकलेले असताना घामाघूम करणाऱ्या वर्गापेक्षा असा आधार देणारा वर्ग निवडावा, असे मी अनुभवाने सांगते. पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे भागात, आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' अशी तीन शब्दांत केली आहे. स्थिर आणि सुखद, या दोन्हींतले एक जरी हरवले तरी शिक्षकांना थांबवून विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पहिल्याच आठवड्यात माझ्या शिक्षिकेने मला सुप्त बद्धकोनासनात ठेवले. पाठीच्या कण्याखाली लांब लोड, डोक्याखाली घडी घातलेली चादर, दोन्ही मांड्यांखाली उशा आणि तळवे एकमेकांना जुळलेले. मी डोळे मिटले की रुग्णशय्या दिसते, असे मी त्यांना आधीच सांगितले होते. त्या म्हणाल्या, 'मग मिटू नका. छतावरच्या पंख्याकडे बघा आणि फक्त सोडलेला श्वास मोजा.' सहाव्या की सातव्या श्वासाला छातीच्या मध्यभागी काहीतरी सैल झाले आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहू लागले. त्यांनी जवळ येऊन न बोलता एक स्वच्छ रुमाल लोडाच्या कडेला ठेवला आणि त्या पुढच्या विद्यार्थिनीकडे गेल्या. शिक्षक कसा असावा, हे मला त्या रुमालाने शिकवले.

श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना ती किंचित वाढते, हे शरीरशास्त्राने दाखवलेले आहे. म्हणून शांत होण्यासाठी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. घरी रोज करायचे असेल तर एवढेच करावे: पाठ टेकून खुर्चीत बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, मनातल्या मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा, आणि हे पाच मिनिटे चालू द्यावे. श्वास कोंडू नये. ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांना श्वासाकडे लक्ष देताच कधी कधी अधिकच घाबरल्यासारखे होते. त्यांनी श्वासाकडे लक्ष देणे सोडून द्यावे आणि पावलांना लागणारा जमिनीचा स्पर्श, हाताखालचे कापड, रस्त्यावरचे आवाज यांवर लक्ष ठेवावे. तीव्र नैराश्यात, किंवा भास होण्याचा इतिहास असताना, तासन्‌तास मौन आणि डोळे मिटून ध्यान करण्याची शिबिरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

शरीराच्या बाबतीतली पथ्येही तितकीच मोलाची आहेत. आसने जेवणानंतर निदान तीन तासांनी करावीत. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) टाळावेत, काचबिंदू असल्यास शीर्षासन आणि सर्वांगासन करू नये, आणि गरोदरपण, हर्निया किंवा अलीकडची शस्त्रक्रिया याविषयी शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावे. जो शिक्षक ही चौकशी न करता सरळ वर्गात उभे करतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये. आणि 'योग सुरू झाला, आता गोळ्या बंद करा' असे कोणी सांगितले तर तिथेच नमस्कार करून बाहेर पडावे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती बंद करायची झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. या एका चुकीमुळे सावरलेली माणसे पुन्हा कोसळताना मी पाहिली आहेत.

कोचकडे केव्हा जावे

रात्रीची झोप परत आल्यावर आणि घरातली बोलणी पूर्ववत झाल्यावर माझ्यापुढे वेगळा प्रश्न उभा राहिला: स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की आणखी आठ वर्षे बँकेत राहावे? हा जखमेचा प्रश्न नव्हता, निर्णयाचा होता, आणि इथे कोच कामी आल्या. कोच आपल्याला उत्तर देत नाही. तो प्रश्न नेमका करायला लावतो, पुढच्या पंधरा दिवसांत काय करणार हे आपल्याच तोंडून वदवून घेतो आणि पंधरा दिवसांनी त्याचे काय झाले हे विचारतो. मला त्यांनी निवृत्तीनंतरचा एक मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत तासागणिक लिहायला लावले. दुपारी अडीचनंतर माझ्या कागदावर काहीच नव्हते. त्या रिकाम्या दुपारीमुळे मी राजीनामा लांबणीवर टाकला आणि शनिवारी बचत गटांना हिशेब शिकवायला सुरुवात केली.

आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे इथे सावधगिरी जास्त हवी. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी निदान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. असे काही प्रमाण आहे का, हे विचारावे. भेटी किती, शुल्क किती, मध्येच थांबल्यास उरलेले पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे. आज रात्री बारापर्यंत भरल्यास निम्मे शुल्क, असे सांगणाऱ्यांना नकार द्यावा. आणि बोलता बोलता जुने दुःख वर आले तर चांगला कोच काम थांबवून समुपदेशकाकडे जायला सुचवतो. माझे कोरे कार्ड दाखवणाऱ्या प्रशिक्षकांकडून मला नेमके एवढेच हवे होते.

तिन्ही एकत्र चालवताना

एकाच महिन्यात तिन्ही सुरू करू नयेत. कशाचा गुण येतो आहे हे कळत नाही, पैसे भराभर संपतात आणि स्वतःवर काम करणे हीच एक नवी नोकरी होऊन बसते. समुपदेशनाच्या सहा भेटी झाल्यावर योग जोडावा, आणि समुपदेशक व योगशिक्षक यांना एकमेकांची माहिती द्यावी. माझ्या ताईंनी सांगितलेला एक विचार, 'कमी पडले तरी मी माणूस म्हणून कमी होत नाही', मी शवासनाच्या आधी एकदा मनात म्हणत असे. योगसूत्रांत 'वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्' असे सूत्र आहे, म्हणजे घातक विचारांनी घेरले असता त्यांच्या विरुद्ध पक्षाचा विचार जोपासावा. ताईंचा कागद आणि हे सूत्र मला शेजारी शेजारी बसलेले वाटतात.

सहा ते आठ भेटींनंतरही समजून घेतले जात असल्याची भावना येत नसेल तर समुपदेशक बदलावा, पण गुपचूप बंद करण्याआधी एकदा त्यांना तसे सांगून पाहावे. मी एकदा 'आज तुम्ही घाई केलीत' असे म्हणाले होते आणि त्यानंतरची भेट आमची सर्वांत चांगली झाली. बरे वाटू लागल्यावर भेटी एकदम तोडू नयेत. आठवड्याच्या पंधरवड्यावर आणाव्यात, मग महिन्यावर आणि मग तीन महिन्यांवर. शेवटच्या नियमित भेटीत आपला त्रास परत येऊ लागल्याच्या खुणा दोघांनी मिळून लिहून काढाव्यात. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा तीन खुणा आहेत: सलग चार रात्री पहाटे तीनला जाग येणे, देवघरात दिवा लावायला दुसऱ्याला सांगणे, आणि योगवर्गाला दोन आठवडे दांडी. गेल्या श्रावणात यातल्या दोन एकाच आठवड्यात दिसल्या, तेव्हा मी तिसरीची वाट न पाहता ताईंना फोन करून गुरुवारची वेळ घेतली.